मोटारीच्या पुढच्या दिव्यांची पारख

मोटारगाडीचें इंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं उभी राहते. ब्रेक सैल झाले तर चालकाच्या पायाला तें तत्काळ कळतें. पुढचा दिवा मात्र असा मुकाट्यानें क्षीण होतो कीं, गाडी चालूच राहते आणि मालकाला त्याचा पत्ता महिनेच्या महिने लागत नाहीं. शहरांतल्या रस्त्यांवर पालिकेचे दिवे असतात. त्यांच्या उजेडांत गाडीचा स्वतःचा उजेड किती पडतो हें कोणी पाहत नाहीं. मग सुटी लागते, कुटुंब गांवाकडे निघतें, घाटाच्या पायथ्याशीं अंधार पडतो, आणि तेव्हां प्रथमच ध्यानांत येतें कीं, रस्त्याची कड नीट दिसत नाहीं, किंवा समोरून येणारे चालक दिव्यांची उघडझाप करून कांहींतरी बजावीत आहेत. दुसऱ्या दिवशीं दुकानांत जाऊन "जरा जास्त उजेडाचे बल्ब द्या" असें म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरून दोन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. हा दिवा कोणत्या जातीचा आहे? आणि दोष बल्बाचा आहे कीं दुसऱ्याच कशाचा? या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यास फार विद्या लागत नाहीं. सायंकाळचा अर्धा तास, एक भिंत आणि थोडी पद्धतशीर पाहणी एवढें बहुधा पुरे होतें.

या पाहणीचें महत्त्व साध्या हिशेबानें पटण्यासारखें आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्ण थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात. ताशीं ८० किलोमीटर वेगाला हीच बेरीज ५८ मीटरांच्या आसपास जाते. डिपर म्हणून ओळखला जाणारा जवळचा झोत चांगल्या स्थितींतही साधारण ५० ते ६० मीटरांपलीकडे फारसा उपयोगी पडत नाहीं. काळसर कपड्यांतला पादचारी किंवा मागें दिवा नसलेली बैलगाडी तर त्याहूनही अलीकडे आल्यावरच दिसते. म्हणजे निरोगी दिव्यानेंसुद्धां हिशेब जेमतेम जुळतो. दिवा मंद झाला तर तो तुटतो. आणि दिवा भलतीकडे वळला तर तो समोरच्या चालकाचा तुटतो. झोत डोळ्यांत गेल्यावर दृष्टि पूर्ववत् होण्यास कांहीं सेकंद लागतात, आणि वयस्कर माणसाला त्याहून अधिक. तेवढ्या वेळांत त्याची गाडी शंभर मीटर आंधळी धांवलेली असते.

पुढचा दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे, ही गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. प्रकाश देणारा बल्ब, तो प्रकाश गोळा करून पुढें फेंकणारा आरसा, आणि त्याला आकार देणारी कांच किंवा भिंग, असे तिघे मिळून एक यंत्र होतें. आरशाचा आकार बल्बांतील तंतूच्या जागेवरून ठरविलेला असतो. तंतु मिलिमीटरभरही सरकला तरी झोत विसकटतो. भारतांत अत्यंत परिचित असलेला एच्-४ बल्ब पाहिला म्हणजे हें स्पष्ट होतें. त्यांत दोन तंतु असतात. दूरच्या झोताचा, म्हणजे अप्परचा, तंतु आरशाच्या केंद्राजवळ असतो. डिपरचा तंतु त्याच्या किंचित पुढें असतो आणि त्याच्या खालीं धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. वाटीमुळें प्रकाश आरशाच्या वरच्या भागावरच पडतो आणि तेथून खालीं रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड तिरपी असते; म्हणून भिंतीवर पडलेल्या उजेडाची वरची रेषा एका बाजूस आडवी आणि दुसऱ्या बाजूस वर चढत गेलेली दिसते. भारतांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. म्हणून ही चढती रेषा डावीकडे असते. तिच्यामुळें पदपथ आणि रस्त्याची कड उजळते, आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वांचतात.

हा शहाणपणा दिव्याला एका दिवसांत आलेला नाहीं. पहिल्या मोटारींवर कार्बाइडपासून निघणाऱ्या अॅसिटिलीन वायूचे दिवे असत. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडीबरोबर विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र मिळूं लागले. त्यानंतरच्या दशकाच्या मध्यास जर्मनींतील ओस्राम कंपनीनें बिलक्स नांवाचा दोन तंतूंचा बल्ब काढला, आणि एकाच दिव्यांतून दूरचा व जवळचा असे दोन झोत मिळूं लागले. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेनें तंतु, आरसा व कांच एकत्र सांधलेला सात इंच व्यासाचा सीलबंद दिवा प्रमाण ठरविला. १९६२ मध्यें यूरोपांत हॅलोजन बल्ब आला, आणि १९७१ मध्यें दोन तंतूंचा एच्-४. १९९१ सालीं बीएमडब्ल्यूच्या गाडीवर झेनॉन वायूंतून वीज खेळविणारा दिवा आला, आणि २००७ मध्यें लेक्ससच्या गाडीवर एल्. ई. डी. दिवे आले. आजच्या रस्त्यावर यांतल्या बहुतेक पिढ्या एकत्र नांदतात. म्हणूनच ओळख पटविण्याची गरज पडते.

ओळख पटविण्याची पहिली पायरी म्हणजे दिव्याच्या चेहऱ्याकडे समोरून पाहणें. कांचेवर उभ्या-आडव्या पन्हाळी असतील तर प्रकाशाला आकार देण्याचें काम ती कांच करते; हा जुन्या वळणाचा दिवा. अॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे गोल दिवे याच कुळांतले. अशा गोल दिव्याच्या मागें बल्ब काढण्याची सोय नसून तीन पातीं थेट कांचेंतूनच बाहेर आलेलीं असतील, तर तो सीलबंद दिवा होय. त्याचा तंतु तुटला तर सबंध दिवाच बदलावा लागतो. त्याच मापाचा एच्-४ बल्बाचा दिवा तेथें बसतो, आणि मूळचा तीन भोंकांचा प्लगही त्यास चालतो. कांच स्वच्छ, सपाट आणि आंतला आरसा अनेक पैलूंचा असेल, तर प्रकाशाला आकार आरसाच देतो. आंत बहुधा हॅलोजन बल्ब असतो. आंत बैलाच्या डोळ्यासारखें फुगीर भिंग दिसलें तर तो प्रोजेक्टर दिवा. मात्र प्रोजेक्टर म्हणजे झेनॉनच, असें समजूं नये. त्याच्या पोटांत साधा हॅलोजन बल्ब, झेनॉन किंवा एल्. ई. डी. यांपैकीं कांहींही असूं शकतें. लहान भिंगांची ओळ किंवा पिवळसर चौकोनी ठिपके दिसले, तर तो दिवा एल्. ई. डी. चा.

दुसरी पायरी म्हणजे कांचेवरील खुणा वाचणें. यूरोपीय प्रमाणांप्रमाणें बनविलेल्या दिव्यावर वर्तुळांत ई हें अक्षर व एक आंकडा असतो, आणि जवळच कांहीं अक्षरें. त्यांत सी म्हणजे जवळचा झोत, आर् म्हणजे दूरचा झोत. अलीकडे एच् असेल तर हॅलोजन, डी असेल तर झेनॉन. म्हणून एच्-सी-आर् असें दिसलें तर एकाच दिव्यांत हॅलोजनचे दोन्ही झोत आहेत असें समजावें. कांहीं एल्. ई. डी. दिव्यांवरही एच् अक्षर सांपडतें. यासाठीं ही खूण चेहऱ्याच्या पाहणीशीं ताडून पाहावी. याशिवाय एक लहानसा बाण पाहण्यासारखा असतो. दिव्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या उजवीकडे बाण दाखवीत असेल, तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीं केलेला आहे. बाण मुळींच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीं आहे. जुन्या बाजारांतून घेतलेला असा परदेशी दिवा भारतांत लावला, तर त्याची चढती रेषा नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते, आणि बल्ब कितीही बदलला तरी हा दोष जात नाहीं.

तिसरी पायरी बॉनेट उघडून, दिवा विझवून व थंड होऊं देऊन करावयाची. बल्बाच्या धातूच्या कड्यावर त्याचें नांव, व्होल्ट आणि वॉट कोरलेले असतात. एच्-४ च्या मागें तीन पातीं असतात, आणि त्यावर १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट असें लिहिलेलें असतें. पहिला आंकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. एच्-७ ला दोन पातीं व एकच तंतु. तो ५५ वॉटचा असतो. ज्या गाड्यांत अप्पर व डिपर यांसाठीं निरनिराळे बल्ब आहेत, त्यांत एच्-७ किंवा एच्-१ पुष्कळदां आढळतात. एच्-११ ची बैठक प्लास्टिकची व काटकोनांत वळलेली असते. हे बल्ब एकमेकांच्या जागीं बसत नाहींत. आणि जेथें जबरदस्तीनें किंवा खिटी कापून बसविले जातात, तेथें तंतूची जागा चुकते. बल्बाऐवजीं जाड तार आणि धोक्याची सूचना लिहिलेला डबा दिसला, तर दिवा झेनॉनचा आहे असें जाणून हात मागें घ्यावा. तो पेटवितांना २० हजारांहून अधिक व्होल्टांचा झटका निर्माण होतो. तें काम जाणत्याचें आहे.

आतां दोषांकडे वळावें. येथें पहिला प्रश्न असा कीं, दोष एका दिव्यांत आहे कीं दोहोंत? एकाच बाजूचा दिवा लागत नसेल, तर दोन्ही बाजूंचे बल्ब एकमेकांच्या जागीं घालून पाहावे. अंधार बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर बल्ब मेलेला आहे. अंधार मूळच्याच जागीं राहिला तर दोष फ्यूज, होल्डर किंवा तारेंत आहे. या एका प्रयोगानें कितीतरी नाहक खरेदी टळते. पुष्कळ गाड्यांत डाव्या व उजव्या दिव्यांचे फ्यूज निरनिराळे असतात. म्हणून एक दिवा लागतो याचा अर्थ फ्यूज शाबूत आहेत असा होत नाहीं. दोन्ही डिपर एकदम बंद आणि अप्पर मात्र ठीक असेल, तर रिले, फ्यूज किंवा स्टिअरिंगजवळचा खटका यांवर संशय घ्यावा. तथापि दोन्ही बल्ब गेलेले असणेंही अशक्य नसतें. पहिला बल्ब जाऊन आठवडे लोटलेले असतात, आणि कोणाच्या तें ध्यानांतच आलेलें नसतें.

बल्ब हातांत घेऊन पाहिला तरी तो आपली हकीगत सांगतो. आंतून काळवंडलेला किंवा चंदेरी झांक आलेला बल्ब म्हातारा झालेला असतो. हॅलोजन बल्बांत तंतूवरून उडालेला टंगस्टन धातु आयोडीन किंवा ब्रोमीनशीं संयोग पावून पुन्हां तंतूकडे परत येतो. हें चक्र थकलें म्हणजे कांच काळी पडते. आंत पांढुरकी राख दिसली तर बल्बांत हवा शिरली आहे. कांचेवर फोड आला असेल, तर बसवितांना तिला बोटें लागलीं होतीं असा तर्क करावा. बोटांचें तेल तापलेल्या कांचेवर भाजतें आणि तेवढीच जागा दुबळी होते. म्हणून नवा बल्ब कड्याला धरूनच बसवावा, आणि चुकून हात लागला तर स्पिरिटानें पुसावा.

दिवा लागतो पण मंद, ही तक्रार सर्वांत अधिक फसवी. व्होल्टेज शेंकडा १० नें घटलें तर बल्बाचा प्रकाश शेंकडा ३० च्या आसपास घटतो. ही घट बहुधा बल्बामुळें होत नाहीं. ती गंजलेल्या जोडांमुळें होते. मुंबईच्या आणि कोंकणाच्या खाऱ्या, दमट हवेंत दिव्याची तार गाडीच्या पत्र्याला जेथें जोडलेली असते, तो स्क्रू प्रथम गंजतो. मेकॅनिक ज्याला अर्थ म्हणतात तो हाच. इंजिन चालू व दिवा लागलेला असतांना बॅटरीवर मीटर लावावा. तेथें साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावे. मग प्लग न काढतां बल्बाच्या पात्यांवर तो लावून पाहावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक असेल तर नवा बल्ब घेण्याआधीं जोड घांसून स्वच्छ करावे. अर्थ पार तुटला असेल तर मोठी मौज दिसते: विजेला परतीची वाट न मिळाल्यामुळें ती दुसऱ्या तंतूंतून मार्ग काढते, आणि डिपर लावला असतां दोन्ही तंतु निखाऱ्यासारखे मंद जळतात. दोन्ही दिवे इंजिनचा वेग वाढवितांच उजळत असतील, तर बॅटरी किंवा अल्टर्नेटर तपासावा. उलट, बल्ब वारंवार जळत असतील तर व्होल्टेज वाजवीपेक्षां अधिक नाहीं ना हें पाहावें. तें शेंकडा ५ नें वाढलें तरी बल्बाचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें.

कधीं विजेचा दोष मुळींच नसतो. आजच्या दिव्यांची पुढची कांच वस्तुतः पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, आणि वर्षानुवर्षें उन्हांत राहून ती पिवळी व धुरकट होते. बारीक घर्षकानें घांसून ती उजळतां येते, परंतु मूळचें संरक्षक लेपन गेलेलें असल्यानें नवें लेपन केल्याशिवाय ती लवकरच पूर्वपदावर येते. पावसाळ्यांत आंत धरलेलें पुसट दंव दिवा तापल्यावर विरून जात असेल तर चिंता नको. पाणी तळाशीं सांचत असेल तर मागचें रबरी टोपण किंवा फुटलेला सांधा शोधावा, नाहींतर आरसा खराब होतो. झेनॉनचा बल्ब म्हातारपणीं गुलाबी किंवा जांभळट दिसूं लागतो. कारखान्यांतून आलेल्या एल्. ई. डी. दिव्यांत बहुधा सुटा बल्ब नसतो. दोष त्याच्या नियंत्रक खोक्यांत किंवा जोडांत न सांपडला, तर पुष्कळदां सबंध दिवाच बदलावा लागतो.

एवढी तपासणी झाल्यावर जास्त उजेडाच्या मोहाचाही विचार करतां येईल. ६०/५५ च्या जागीं १००/९० वॉटचा बल्ब घातला तर एका अप्पर तंतूंतून ५ च्या ठिकाणीं ८ अँपिअरांहून अधिक प्रवाह जाऊं लागतो. मूळच्या बारीक तारा तापतात, प्लास्टिकचा होल्डर वितळतो, आरशाचा मुलामा करपतो. आणि तारांतच व्होल्टेज खर्च झाल्यामुळें अपेक्षिलेला उजेडही पुरता मिळत नाहीं. हॅलोजनच्या दिव्यांत बाजारी एल्. ई. डी. बल्ब घातला तर निराळीच अडचण येते. तंतु चहूंबाजूंनीं प्रकाश फेंकतो, एल्. ई. डी. च्या चकत्या सपाट असतात आणि दोन बाजूंनींच फेंकतात; आरसा मात्र तंतूसाठीं घडविलेला. गाडीच्या नाकासमोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि चालक खूष होतो; परंतु दूरचा भाग अंधारांतच राहतो, आणि उरलेला प्रकाश वर उधळून समोरच्याला दिपवितो. जर्मनींत अलीकडे अशा कांहीं बल्बांना परवानगी मिळाली आहे, पण ती ठराविक गाडीच्या ठराविक दिव्यापुरती, तपासणी करून दिलेली आहे. झोताचा प्रश्न जुनाच आहे. पूर्वीं भारतांत पुष्कळ वाहनांच्या दिव्यांवर काळा ठिपका किंवा पट्टा रंगवीत. त्यानें प्रकाश थोडा कमी होई. चुकलेला झोत मात्र ठिकाणावर येत नसे.

झोत ठिकाणावर आणण्याचा उपाय सोपा आहे. टायरांत हवा भरून गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरांवर, भिंतीकडे तोंड करून सरळ उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूची रेघ ओढावी. डिपर लावल्यावर उजेडाची आडवी सीमा त्या रेघेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं पडली पाहिजे. कांहीं दिव्यांवर हा उताराचा आंकडा शेंकड्यांत छापलेला असतो, तेथें तोच प्रमाण मानावा. सीमा वर गेली असेल तर प्रथम बल्ब खोबणींत नीट बसला आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच दिव्याच्या मागचा स्क्रू फिरवावा. डिकी सामानानें भरली आणि मागें तिघे बसले म्हणजे गाडीचें नाक वर उचललें जातें, व नीट लावलेला झोतही वर जातो. यासाठींच पुष्कळ गाड्यांत चालकाजवळ शून्यापासून तीनपर्यंत आंकड्यांची एक चकती दिलेली असते. प्रवासाला निघतांना ती ओझ्याच्या मानानें फिरवावी, आणि परत आल्यावर शून्यावर आणावी.

महिन्यांतून एकदां घरांतल्या कोणी भिंतीसमोर उभें राहून डावा-उजवा, अप्पर-डिपर पाहून घ्यावा, कांचा पुसाव्या, आणि ज्या जातीचा बल्ब गाडीला लागतो त्याच जातीचा व तितक्याच वॉटचा एक बल्ब गाडींत ठेवावा. वाटेंत डिपर गेलाच, तर त्याच्या ऐवजीं अप्पर लावून पुढें जाऊं नये; उजेडाच्या जागीं थांबून बल्ब बदलावा, आणि तें न जमल्यास सकाळपर्यंत मुक्काम करावा. त्या रस्त्यावरून समोरून येणाऱ्या गाडींतही कोणाचें तरी कुटुंब बसलेलें असतें.